झाड कुणाच्या नावावर?

बेळगावचे जुने नाव वेणुग्राम. वेणू म्हणजे वेळू, आपला बांबू. किल्ल्यातली कमलबस्ती १२०४ साली उभी राहिली, तेव्हा हे वेणुग्राम रट्टांच्या राजधानीचे ठिकाण होते. खानापूर तालुक्यातली हलशी कदंबांच्या ताम्रपटांत पलाशिका म्हणून येते. पलाश म्हणजे पळस. बेळगावला चिकटलेले वडगाव, हिंडलग्याजवळची आंबेवाडी, निपाणीकडचे बोरगाव, मायाक्काची चिंचली, असे कुठूनही निघालो तरी वाटेत एखादे झाड गावाचे नाव होऊन उभे असते. ज्या मुलखातली गावे झाडांच्या नावावर आहेत, त्या मुलखातली झाडे कुणाच्या नावावर होती, असा प्रश्न मला बरीच वर्षे पडत आला आहे. दप्तरे, गॅझेटियर आणि कायद्यांची पुस्तके चाळताना त्याचे जे उत्तर हाती लागले, ते सीमाभागातल्या वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू.

या विषयावरचा मराठीतला सर्वांत महत्त्वाचा जुना कागद आपल्या शेजारच्या कोल्हापूर राज्यातला आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले. त्यातला झाडांविषयीचा भाग हल्ली खुद्द शिवाजी महाराजांचा हुकूम म्हणून सर्वत्र छापला जातो. वस्तुतः तो आरमाराच्या प्रकरणातला आहे आणि लेखणी अमात्यांची आहे. मात्र थोरल्या महाराजांच्या कारभारात वाढलेल्या माणसाने ती राजनीती नोंदवली, हे खरेच. अमात्य काय सांगतात? आरमाराला तक्ते, सोट, डोलकाठ्या लागणार. त्यासाठी सागासारखी झाडे आपल्या अरण्यातून हुजुराची परवानगी घेऊन तोडावीत. कमी पडल्यास परमुलखातून विकत आणावीत. आंबा आणि फणस हीदेखील आरमाराच्या उपयोगाची लाकडे, पण त्यांना हात लावू देऊ नये. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात, आणि ती तोडली तर तिच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याचे समाधान करूनच तोडावे. बळजोरी सर्वथा करू नये.

यातला विचार नीट पाहण्यासारखा आहे. अमात्यांनी झाडे तोडूच नका असे म्हटलेले नाही. लढाऊ जहाजे बांधणाऱ्या राज्याला तसे म्हणता येणारही नव्हते. त्यांनी झाडाला धनी असतो एवढे मान्य केले. अरण्यातल्या सागाचा धनी राजा, आणि परड्यातल्या, बांधावरच्या आंब्याचा धनी तो लावणारा माणूस. ज्याने वाढवले त्याला विचारल्याशिवाय कुऱ्हाड उचलू नये, हा राजाला घातलेला बंध होता.

त्याच शतकाच्या अखेरीस दक्षिणेकडे याच्या उलट एक पाऊल पडले. १७९२ मध्ये टिपू सुलतानाने म्हैसूर राज्यात चंदन हे राजवृक्ष ठरवले. चंदनाचे झाड कुणाच्याही जमिनीत उगवो, ते सरकारचे. पुढे १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बेळगाव इंग्रजांकडे गेले. त्यांच्या जमाबंदीत रयतेच्या शेतातली बहुतेक झाडे रयतेकडे राहिली, पण साग, शिसव आणि चंदन ही मोलाची झाडे सरकारने स्वतःकडे राखून ठेवली. परिणाम काय झाला, हे आपल्याकडच्या कोणत्याही जुन्या शेतकऱ्याला विचारावे. बांधावर पाखराच्या विष्ठेतून चंदनाचे रोप उगवले, तर ते लहान असतानाच उपटून टाकायचे. वाढले तर चोर येणार, चोरामागून शिपाई येणार, आणि जाब द्यायचा शेतकऱ्याने. कर्नाटक सरकारने २००१ मध्ये कायदा बदलून जमिनीच्या मालकाला चंदनाच्या झाडाचा मालक मानले, तेव्हापासून चंदन मुद्दाम लावणारे शेतकरी दिसू लागले. दोनशे वर्षांच्या पहाऱ्याने जे झाले नाही, ते मालकीच्या एका ओळीने सुरू झाले.

आता डोंगराकडे वळू. जांबोटी, कणकुंबी, नेरसे, गुंजी, लोंढा या पट्ट्यातले रान हे बेळगाव जिल्ह्याचे खरे धन. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन कृष्णेला मिळते. त्याच रानात देगावच्या बाजूला म्हादई उगम पावते आणि पश्चिमेला गोव्यातून समुद्राला जाते. या रानातली गावे बहुतांशी मराठी बोलतात. मलप्रभेचे पाणी मात्र नविलुतीर्थाच्या धरणात अडून सौंदत्ती, नरगुंदकडच्या कन्नड शेतकऱ्याच्या शिवारात जाते. झाडाला भाषा नसते असे आपण सहज म्हणतो. मला वाटते, या रानाला दोन्ही येतात. एकाच झाडाला इकडचा माणूस ऐन म्हणतो, तिकडचा मत्ती. इकडे बिबळा, तिकडे होन्ने. इकडे जांभूळ, तिकडे नेरळे. इकडे नाना, तिकडे नंदी. खानापूरच्या बाजारातल्या जुन्या लाकूड व्यापाऱ्याला दोन्ही नावे पाठ असत, आणि कोणत्या नावाने भाव सांगितला की गिऱ्हाईक कुठले, हेही त्याला कळत असे.

या रानावर सरकारचे नाव कसे लागले, तो इतिहास १८४७ पासून सुरू होतो. त्या वर्षी मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची जंगलांचा संरक्षक म्हणून नेमणूक झाली. हा पेशाने शल्यवैद्य. पुण्याजवळच्या दापोडीचा सरकारी बाग त्याच्याकडे होता. मुंबईच्या गोदीला लागणाऱ्या सागाची चिंता सरकारला होती. गिब्सनला त्याबरोबर आणखीही एक चिंता होती. डोंगर उघडे पडले की झरे आटतात, हे त्याने अहवालांतून सरकारला सांगितले. हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण १८६५ चा आणि त्यानंतर १८७८ चा जंगल कायदा आला, रानाचे राखीव आणि संरक्षित असे भाग पडले, आणि ज्यांची गावे रानात होती ती माणसे एका रात्रीत पाहुणी ठरली. डोंगरउतारावर रान जाळून नाचणी पेरण्याच्या कुमरी शेतीवर निर्बंध आले. भाताच्या तरव्यासाठी राब भाजायला फांद्या तोडणे, गुरे चारणे, नांगराला लाकूड आणणे, हा पूर्वीचा वहिवाटीचा हक्क आता सवलत झाला. आणि सवलत म्हटली की ती देणारा शिपाई आला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात गावची गायराने आणि डोंगर जंगल खात्याने गिळल्याची तक्रार आहे.

ज्या खात्याने कुमरीवाल्याला रान जाळू नये म्हणून बजावले, त्याच खात्याच्या रानातून त्याच काळात रेल्वेला लाकूड जाऊ लागले. १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचे रूळ आपल्या भागात आले. लोंढ्याहून एक फाटा बेळगावकडे आणि दुसरा कॅसलरॉकवरून मार्मागोव्याच्या बंदराकडे गेला. किलोमीटरभर रूळ टाकायचे तर हजारावर लाकडी स्लीपर लागतात आणि ते काही वर्षांनी कुजतात, पुन्हा नवे घालावे लागतात. लोंढा, अळणावर, दांडेली ही नावे लाकडाच्या वखारींमुळे देशभर ठाऊक झाली. रेल्वे आली हे वाईट झाले असे मी म्हणत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी पुणे-मुंबई पाहिली ती याच गाडीने. पण अमात्यांच्या हिशेबातले एक कलम आता गळाले होते. ज्याच्या दारातले झाड जात होते, त्याला कुणी विचारत नव्हते.

ही जळफळ १९३० मध्ये उघड झाली. मिठाचा सत्याग्रह समुद्राकाठी होता. डोंगराकडच्या लोकांना मीठ कुठून मिळणार? त्यांनी जंगलचा कायदा मोडला. वारणाकाठच्या बिळाशी गावाने रानातला साग तोडून आणला, तो देवळापुढे उभा केला आणि त्यावर तिरंगा चढवला. तो उतरवायला पोलिसांची मोठी तुकडी आणावी लागली. सत्याग्रहींनी सागच का निवडला, हे आता वेगळे सांगायला नको.

स्वातंत्र्य आले आणि १९५० पासून वनमहोत्सव सुरू झाला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. एकटा चंदगड तालुका मागे राहिला आणि कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. माणसांची जी ताटातूट झाली तिच्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. रानाचीही वाटणी झाली, हे मात्र सहसा कुणी नोंदवत नाही. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला आणि एकाच सलग अरण्यावर तीन कारभार बसले. इकडे १९६३ चा वन कायदा, तिकडे महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा, गोव्यात पुढे १९८४ चा. चंदगडच्या शेतकऱ्याने फणस तोडण्याचा अर्ज मराठीत करायचा आणि सात-आठ मैलांवरच्या त्याच्या साडूने तोच अर्ज कन्नडमध्ये. जनावरांना हे कळवायचे राहून गेले. गवे तिन्ही राज्यांत चरतात, आणि २००२ च्या सुमारास कर्नाटकातल्या रानातून निघालेले हत्ती कोणतीही सीमा न विचारता तिलारीच्या खोऱ्यात उतरले.

या काळातली सर्वांत बोलकी गोष्ट बांबूची आहे, आणि वेणुग्रामच्या वाचकाने ती जरूर ऐकावी. १९५० च्या दशकात दांडेलीला वेस्ट कोस्ट पेपर मिल उभी राहिली. कागदासाठी उत्तर कन्नडचा बांबू हवा होता. सुरुवातीला तो गिरणीला टनाला अवघ्या दीड रुपयाने मिळत असे, असे माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवले आहे. टोपल्या-सुपे विणणारा बुरूड, ज्याला कन्नडमध्ये मेदार म्हणतात, तोच बांबू बाजारात कितीतरी पट दराने घेत होता. गाडगिळांनी तिथल्या रानात फिरून बांबू का संपतो याचा अभ्यास केला. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. तोडणीला आणि वाढीला सोपे म्हणून ते साफ करावे, असा खात्याचा नियम होता. गावकरी सांगत होते की ते काटे काढू नका. काटे निघाले की पावसात येणारे कोवळे कोंब गुरे, वानरे आणि साळिंदर खातात आणि बेट मरते. अभ्यासाअंती गावकऱ्यांचे खरे निघाले. जे पिढ्यान्‌पिढ्या बांबू काढत होते आणि तरीही बेट राखत होते, त्यांना विचारायला कुणी गेले नव्हते, कारण बेट त्यांच्या नावावर नव्हते.

१९२७ च्या जंगल कायद्यात बांबू हा वृक्ष धरला होता. म्हणजे आपल्या परसातला वेळू तोडून विकायचा तरी परवाना लागे. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक होते. कायद्याला ते कळायला ९० वर्षे लागली. २०१७ मध्ये वनाबाहेरचा बांबू वृक्षांच्या व्याख्येतून काढण्यात आला.

मग आपल्या भागात मोठी जुनी झाडे टिकली कुठे? मी जिथे जिथे पाहिली, तिथे त्या झाडाला कुणीतरी आपले मानलेले होते.

नंदगडचा वड हे याचे पहिले उदाहरण. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचा शूर सरदार संगोळ्ळी रायण्णा खानापूरच्या रानाच्या आधाराने इंग्रजांशी लढला. २६ जानेवारी १८३१ रोजी त्याला नंदगडला वडाच्या झाडावर फाशी दिले. त्याच्या समाधीवर त्याच्या सोबत्याने वडाचे रोप लावले, अशी परंपरा आहे. तो वड आज प्रचंड पसरला आहे. नंदगड मराठी बोलणारे गाव, रायण्णा कन्नड मुलखाचा वीर. पण मूल व्हावे म्हणून या वडाला नवस बोलणाऱ्या बाया दोन्ही भाषांत बोलतात. त्या झाडाला संरक्षक कठडा नसता तरी ते तुटले नसते.

दुसरे उदाहरण देवरायांचे. मराठीत देवराई, कन्नडमध्ये देवरकाडु. इथे झाड देवाच्या नावावर असते. वाळलेली काटकीदेखील घरी न्यायची नाही, न्यायची तर देवीच्या कामाला. अंधश्रद्धा म्हणून हसणाऱ्यांनी एवढेच पाहावे की सरकारी राखीव रान अनेक ठिकाणी विरळ झाले, तिथे देवीची राई पाण्याचा झरा धरून बसली आहे.

तिसरे उदाहरण अगदी वेगळे. टिळकवाडीतला व्हॅक्सिन डेपो बेळगावकरांच्या सकाळच्या फिरण्याचा. विसाव्या शतकाच्या आरंभी इथे देवीची लस करण्याची संस्था आली. ही लस त्या काळी वासरांच्या अंगावर तयार करत. वासरांना चरायला कुरण हवे, सावली हवी, म्हणून मोठे आवार राखले गेले आणि त्यात झाडे वाढली. देवीचा रोग १९८० मध्ये जगातून गेल्याचे जाहीर झाले, लशीचे काम उरले नाही, झाडे मात्र राहिली. पुढे स्मार्ट सिटीच्या योजनेतली बांधकामे तिथे निघाली तेव्हा नागरिकांनी विरोध केला. कागदावर ते आवार सरकारचे. पण दोन पिढ्या तिथे चालल्या, खेळल्या, म्हणून मनाने ते गावाच्या नावावर चढले होते.

निपाणीच्या वाचकाला वाटेल, आमच्याकडे कुठले रान? काळी जमीन आणि तंबाखू. तंबाखूला सावली चालत नाही, म्हणून शिवारात झाडे विरळ. बांधावरच्या बाभळीही नांगर आणि गाडीची चाके होती तोवर राखल्या गेल्या. ट्रॅक्टर आला आणि त्यांची गरज संपली. एक गोष्ट मात्र निपाणीच्या बाजूने सांगायला हवी. सिगारेटची व्हर्जिनिया तंबाखू भट्टीत वाळवतात, त्यासाठी सरपण जळते. विडीची तंबाखू उन्हात वाळते, तिच्यापायी झाड तोडावे लागत नाही. उलट विडीला पान लागते ते रानाचेच. ते टेंभुर्णीचे पान विदर्भातून, मध्य प्रदेशातून येते. तिथले आदिवासी उन्हाळ्यात ते तोडतात आणि इथल्या आयाबाया ते मांडीवर घेऊन वळतात. पूर्वी आपट्याच्या पानाचीही विडी होत असे. त्याच आपट्याचे पान दसऱ्याला सोने म्हणून आपण देतो. शेजारचे कन्नड कुटुंब शमीचे, म्हणजे बन्नीचे पान देते आणि ‘बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण’ म्हणते. सोन्यासारखे राहूया, हाच अर्थ. सीमाभागातल्या घरात दसऱ्याच्या रात्री ताटात दोन्ही पाने पडलेली असतात. त्यातल्या किती घरांनी आपटा किंवा शमी लावली आहे, असे विचारले तर उत्तर अवघड होईल. फांद्या तोडून बाजारात येतात, त्या कुणाच्या बांधावरच्या, याची चौकशी आपण करत नाही.

गेल्या चाळीस वर्षांत झाडे लावली गेली नाहीत, असे नाही. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरण आले आणि कर्नाटकात निलगिरीची शेतेच्या शेते उभी राहिली. ती भरभर वाढली आणि गिरणीला गेली. तिच्या सावलीत गवत वाढेना, गुरे तिला तोंड लावीनात, आणि विहिरीचे पाणी खाली गेल्याची तक्रार शेतकरी करू लागले. अखेर २०१७ मध्ये राज्य सरकारने निलगिरीच्या लागवडीवर बंदी घातली. दुसरीकडे रस्ते रुंद होताना पुणे-बेंगळूर आणि बेळगाव-खानापूर रस्त्यांवरचे जुने वड, चिंचा, आंबे गेले. ते पूर्वजांनी वाटसरूसाठी लावले होते. वाटसरू म्हणजे कुणीच नाही, म्हणून त्यांच्यासाठी भांडायलाही फार थोडे उभे राहिले.

२०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटरचे. रान राखले जावे, म्हादई-मलप्रभेचे उगम टिकावेत, हे कुणालाही मान्य व्हावे. पण त्या रानात गावे आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. मात्र आदिवासी नसलेल्याला तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. घरातला जुना कागद मोडीत, आजोबांचा दाखला मुंबई राज्याचा, आणि अर्ज द्यायचा कन्नडमध्ये. नकाशावरच्या एका रेषेने आपण परके ठरलो ही सल सीमाभागातल्या प्रत्येक मराठी घरात आहे. रानातल्या माणसाने ती १८७८ पासून भोगली आहे. निदान आपण तरी त्याला रानाचा शत्रू म्हणू नये.

तात्पर्य, झाड टिकते ते नुसत्या कायद्याने नव्हे आणि नुसत्या कौतुकानेही नव्हे. त्याच्यावर कुणाचा तरी हक्क लागतो आणि हक्काबरोबर राखण येते. म्हणून माझी सूचना साधी आहे. वनमहोत्सवात जुलै महिन्यात रोप आणून फोटोपुरते लावण्याऐवजी, मृगाच्या आगेमागे घरात खाल्लेल्या फणसाची आठळी आणि जांभळाचे बी त्याच आठवड्यात मातीत घालावे. ही बियाणी साठवली तर मरतात. ती खाऊन लगेच पेरायची असतात. गावच्या शाळेच्या, देवळाच्या, तालमीच्या आवारात एकेका घराने एकेक झाड घ्यावे, पहिले तीन उन्हाळे पाणी घालावे आणि त्याचे फळ त्या घराने खावे. पंचायतीने ते झाड त्या घराच्या नावाने वहीत नोंदवावे. झाडाजवळ पाटी लावायची झाली, तर तिच्यावर त्याचे नाव मराठीत आणि कन्नडमध्ये असे दोन्ही लिहावे, आणि त्याखाली ते राखणाऱ्या घराचे.